शंभर ग्रेनची गोळी, बारा इंचांचा पीळ: .२४४ रेमिंग्टनचं प्रकरण

नळीवर ‘.२४४ रेम.’ असा ठसा असलेली एक जुनी शिकारी रायफल डोळ्यासमोर आणा. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७२२, साधारण १९५६ सालची. तिच्यासाठी आज अमेरिकेतल्या दुकानात काडतुसं मागितली, तर दुकानदार ‘६ मिमी रेमिंग्टन’ असं लिहिलेलं खोकं पुढे करेल. आत शंभर ग्रेनच्या गोळीची काडतुसं. नाव वेगळं आहे, पण यात फसवणूक काही नाही. पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारं काडतुसाचं पितळी नळकांडं, तीच, मापं तीच. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, अलगद बसतं, बोल्ट बंद होतो, बार नेहमीसारखा उडतो. आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट पडते. कुलपाला चावी घालायचं भोक असतं ना, तशी. गोळी नाकासमोर न जाता आडवी होऊन कागदातून गेलेली असते. दुसरी वीतभर बाजूला, तीही तशीच. तिसरी कागदाला लागतच नाही.

रायफल बिघडलेली नसते आणि काडतुसातही खोट नसते. दोघांची जोडी विजोड असते, एवढंच. ही जोडी विजोड कशी झाली, कुणी केली आणि मग निस्तरली कशी, याचं हे प्रकरण.

मी बंदूकवाला नाही. माझं आयुष्य लेथवर आटे पाडण्यात गेलं. शिकार आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आणि मला त्याचं दुःख नाही. पण वर्कशॉपमध्ये नवा पोरगा जेव्हा तोंड पाडून विचारतो, “सर, ड्रॉइंगप्रमाणेच केलंय, मग जॉब रिजेक्ट का?”, तेव्हा मी त्याला चहा देतो आणि हे प्रकरण सांगतो. कारण यात ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर होतं.

१९५५: एकाच मापाची दोन भावंडं

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सहा मिलिमीटरच्या काडतुसाची हवा तयार होत होती. कारखान्यांत नाही, घरगुती कारागिरांत. ही मंडळी एखादी तयार पुंगळी घेत, तिची मान दाबून बारीक करत आणि तिच्यात लहान व्यासाची गोळी बसवत. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाचे बंदूक-संपादक वॉरन पेज या मापाचे मोठे पुरस्कर्ते. फ्रेड हंटिंग्टन यांनीही, म्हणजे काडतुसं भरायची अवजारं बनवणाऱ्या आरसीबीएसच्या संस्थापकांनी, असंच एक काडतूस बनवलं होतं. मागणीमागचा विचार सरळ होता: एकाच रायफलीने उन्हाळ्यात कुरणातले वुडचक मारता यावेत आणि नोव्हेंबरात हरीणही. वुडचक म्हणजे बिळं करून शेताची नासधूस करणारा, घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा प्राणी. त्याच्यासाठी हलकी, वेगवान गोळी लागते. हरणासाठी जरा जड.

१९५५ साली दोन कंपन्यांनी एकदमच या मापात उडी घेतली. विंचेस्टरने .३०८ची पुंगळी बारीक करून .२४३ विंचेस्टर काढलं. रेमिंग्टनने हंटिंग्टन यांच्या वाटेने जाऊन .२५७ रॉबर्ट्सच्या पुंगळीपासून .२४४ रेमिंग्टन काढलं. ही पुंगळी मूळची ७x५७ मॉझर या जुन्या जर्मन काडतुसाच्या घराण्यातली. नावात एका आकड्याचा फरक असला, तरी दोघांच्या गोळीचा व्यास एकच, ०.२४३ इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू जरा जास्त मावायची, म्हणजे ताकदीत झालं तर तेच काडतूस सरस.

फरक होता तो नळीत आणि खोक्यात. विंचेस्टरने नळीच्या आतल्या आट्यांना १० इंचांत एक फेरा असा पीळ दिला आणि ८० व १०० ग्रेनच्या गोळ्या विकायला काढल्या. रेमिंग्टनने १२ इंचांत एक फेरा दिला आणि गोळ्या ठेवल्या ७५ व ९० ग्रेनच्या.

ग्रेन हे माप आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. आपला तोळा १८० ग्रेनचा. शंभर ग्रेनची गोळी म्हणजे साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. सोनाराच्या तराजूवर ९० आणि १०० ग्रेनमधला फरक म्हणजे पाऊण ग्रॅमही नाही. एवढ्याशा फरकावर एक काडतूस सत्तर वर्षं टिकलं आणि दुसरं कडेला पडलं.

पीळ म्हणजे काय, आणि त्याला काय कळतं

नळीच्या आतून आटे फिरवलेले असतात. लेथवाल्याच्या भाषेत हा फार लांब पिचचा आटा. बोल्टवर दीड-दोन मिलिमीटरला एक फेरा पडतो, इथे फुटाला एक. गोळी त्या आट्यांत दाबली जाऊन फिरत फिरत पुढे सरकते. सेकंदाला ३००० फूट वेगाने जाणारी गोळी १२ इंची पिळातून निघाली, तर फुटाला एक या हिशेबाने सेकंदाला ३००० फेरे घेते. मिनिटाला एक लाख ऐंशी हजार. १० इंची पिळातून दोन लाख सोळा हजार, ९ इंचीतून दोन लाख चाळीस हजार. आपल्या वर्कशॉपातला सगळ्यात वेगवान ग्राइंडिंग स्पिंडलसुद्धा यापुढे लाजेल.

हे फिरणं कशासाठी? भोवरा उभा राहतो त्याचसाठी. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा रेटा पुढे नाकाजवळ येतो. म्हणजे हवा गोळीला सतत उलटी करायला बघते. भोवऱ्याला जसं गुरुत्वाकर्षण पाडायला बघतं आणि तो फिरतोय तोवर पडत नाही, तसंच हे. गिरकी कमी पडली की भोवरा डुलायला लागतो, मग कलंडतो. गोळीही तशीच आधी डुलते, मग आडवी होते.

आता खरी गोम. गोळी जितकी लांब, तितकी ती उलटवायला हवेला सोपी. पीळ किती हवा हे मुख्यत्वे लांबी ठरवते. पण दुकानात गोळी वजनावर विकतात, खोक्यावर वजन छापतात आणि शिकारी गप्पाही वजनाच्याच मारतात. एकाच व्यासाची, एकाच धातूची, एकाच घाटाची गोळी असेल तर वजन वाढलं की लांबी वाढणारच, त्यामुळे वजनावर भागून जातं. घाट बदलला की भागत नाही.

वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीतले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सूत्र दिलं. व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. हवा असलेला पीळ इंचांत मिळतो. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घ्यायची पद्धत आहे. या सूत्रात वजनाला जागाच नाही! शिशाच्या गोळीचं घनत्व गृहीत धरून ते बांधलंय. आमच्या .२४४ला हे सूत्र उलटं लावून बघा: १८० गुणिले ०.०५९ (०.२४३ चा वर्ग) भागिले १२, म्हणजे जवळपास ०.८९ इंच. १२ इंची पिळातून बिनधोक जाणारी गोळी एवढ्याच लांबीची. ७५ ग्रेनची आरामात आत बसते, ९० ची काठावर येते. १०० ग्रेनच्या टोकदार गोळीला दार बंद.

म्हणजे रेमिंग्टनने १२ इंच हा आकडा हवेतून काढला नव्हता. आपल्या दोन गोळ्यांपुरता तो बरोबर होता.

आकडे मांडून

ग्रीनहिल फक्त हो किंवा नाही सांगतो. किती हो, किती नाही ते बघायचं तर अमेरिकेतल्या डॉन मिलर यांचं २००५ सालचं सूत्र वापरावं. त्यातून स्थिरतेचा एक आकडा निघतो. १ च्या खाली गोळी आडवी होणार. १.५ किंवा वर असेल तर चिंता नको. मधल्या पट्ट्यात गोळी जाते, पण डुलत जाते, हवेत जास्त वेग गमावते आणि थोडंसं निमित्त झालं की बिघडते.

खालच्या लांब्या मी हिशेबासाठी धरलेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या कंपनीगणिक थोड्या हलतात. हवा समुद्रसपाटीची, तापमान ५९ अंश फॅरनहाइट.

७५ ग्रेन, ०.८२ इंच लांब, १२ इंची पीळ: १.६४. उत्तम.

९० ग्रेन, ०.९२ इंच, तोच पीळ: १.३९. चालेल.

१०० ग्रेन, सपाट बुडाची, १.०० इंच: १.१९. काठावर.

१०० ग्रेनच, पण नाक लांब आणि बूड होडीसारखं निमुळतं, लांबी १.०७ इंच: ०.९८. आडवी.

शेवटच्या दोन ओळींकडे बघा. वजन तेच, नळी तीच, वेग तोच. लांबी सात टक्क्यांनी वाढली आणि आकडा अठरा टक्क्यांनी पडला. कारण सूत्रात लांबी जवळपास घनाच्या हिशेबाने खाली छेदात बसते. विंचेस्टरच्या १० इंची नळीत यातली काठावरची गोळी १.७१ वर जाते. पीळ वर्गाच्या हिशेबाने मोजला जातो, त्यामुळे बाराचे दहा केले की एका झटक्यात ४४ टक्के फायदा.

मिलरच्या सूत्रात वजन वर अंशात आहे, हेही लक्षात ठेवा. लांबी तीच ठेवून गोळी जड केली तर स्थिरता वाढते. “जड गोळीला जास्त पीळ लागतो” हे वाक्य तोंडपाठ असलेल्यांना हे सांगितलं की ते आधी भांडतात. मीही भांडलो होतो.

मग १२ इंच कुणी आणि का?

रेमिंग्टनच्या त्या वेळच्या बैठकांत कोण काय बोललं यात मी शिरत नाही. पण कारखान्यात काय चाललं होतं ते बघितलं की निर्णय समजतो. १९५० साली कंपनीने .२२२ रेमिंग्टन काढलं होतं, १४ इंची पिळाचं. अचूक नेमबाजीच्या स्पर्धांत त्या छोट्या काडतुसाने वर्षानुवर्षं राज्य केलं. त्या स्पर्धांतला मंत्रच असा की पीळ लागेल तेवढाच द्या, रतीभर जास्त नको. त्यामागे कारणही होतं. गोळीचं तांब्याचं वेष्टण एका बाजूला केसभर जाड निघालं, की गोळीचा तोल मध्यापासून सरकतो. अशी गोळी नळीबाहेर पडताना बाजूला फेकली जाते, आणि गिरकी जितकी जास्त तितकी जास्त फेकली जाते. त्या काळची वेष्टणं आजच्याइतकी एकसारखी नसत. पातळ वेष्टणाची हलकी गोळी फार फिरवली तर हवेतच फुटायची भीती निराळी. वुडचकसारख्या इवल्याशा निशाण्यासाठी रायफल बनवायची तर हळू पीळ, म्हणजे जास्त इंचांत एक फेरा, हेच शहाणपण.

आणि ९० ग्रेनची गोळी हरणाला पुरत नव्हती का? पुरत होती. आजही कोलोराडो राज्याचा नियम हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (इंचांतला व्यास) आणि ७० ग्रेनची गोळी मागतो. ९० ग्रेनच्या गोळीने हरीण पडतं. रेमिंग्टनचं गणित इथेही चुकलं नव्हतं.

चुकला तो गिऱ्हाइकाचा अंदाज. विंचेस्टर म्हणालं, ही एक रायफल घ्या, वर्षभर वापरा. शेजारी रेमिंग्टनची रायफल ठेवली की फळ्यावर दोनच आकडे दिसत: १०० आणि ९०. गिऱ्हाइकाला पीळ दिसत नव्हता, पण १०० ग्रेन मिळत नाही हे दिसत होतं. घरी काडतुसं भरणाऱ्यांना तर ते लगेच कळलं, कारण त्यांनी बाजारातल्या १०० ग्रेनच्या टोकदार गोळ्या भरून पाहिल्या आणि कागदावर लांबट भोकं मिळवली.

लोक इथे गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवतात: उगीच दहा ग्रेनसाठी हटून बसले म्हणे. मला ते पटत नाही. माणूस रायफल वीस-तीस वर्षांसाठी घेतो. आज ९० ग्रेन वापरेल, उद्या काय वापरावंसं वाटेल ते त्याला आज माहीत नसतं. नळी बदलता येत नाही, निदान सहज नाही. तो दहा ग्रेनला पैसे देत नव्हता, मोकळीक विकत घेत होता. रेमिंग्टनने पुंगळीत मोकळीक दिली आणि नळीत ती काढून घेतली.

बरं, हा धडा नवा होता असंही नाही. १९१५ साली सॅव्हेजने .२५०-३००० काढलं होतं. चार्ल्स न्यूटन यांनी ते १०० ग्रेनच्या गोळीसाठी आखलेलं, पण कंपनीला जाहिरातीत ‘३०००’ हा वेगाचा आकडा हवा होता. त्यासाठी ८७ ग्रेनची हलकी गोळी बसवली आणि पीळ ठेवला १४ इंच. पुढे लोकांना १०० ग्रेनची गोळी हवी झाली आणि तिने त्या नळ्यांत त्रास दिला. चाळीस वर्षांनी तेच नाटक, पात्रं फक्त नवी.

‘माझी तर चालते’

या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग लोकांच्या साक्षींचा. एक जण शपथेवर सांगतो, माझ्या बारा इंची .२४४ मधून १०० ग्रेनच्या गोळ्या एका भोकात जातात. दुसरा म्हणतो, माझ्या एकही सरळ जात नाही. दोघंही खरं बोलतात.

पहिलं कारण लांबीचं. बोथट, गोल नाकाची १०० ग्रेनची गोळी आखूड असते, ती निभावून जाते. दुसऱ्याने टोकदार घेतलेली असते. खोक्यांवरून वाचलं तर दोघांचं वजन सारखंच.

दुसरं कारण हवेचं. हवा दाट तर गोळी उलटवायचा जोर जास्त. ती १.१९ आकड्याची काठावरची गोळी घ्या. ऑगस्टमध्ये ९० अंश फॅरनहाइटच्या उकाड्यात तिचा आकडा १.२६. नोव्हेंबरात उत्तरेकडच्या मिनेसोटात पारा १० अंशांवर आला की तीच १.०८. उलट कोलोराडोत मैलभर उंचीवर हवा विरळ, तिथे साध्या हवामानात ती १.४४ वर जाते आणि ‘माझी तर चालते’ म्हणणारा माणूस तयार होतो. उन्हाळ्यात रेंजवर निशाणा जुळवून घेतलेला शिकारी थंडीत जंगलात जातो आणि त्याची गोळी तिथे डुलायला लागते. कागदावर चुकलेलं भोक हसण्यावारी नेता येतं. हरणाच्या बाबतीत त्याचा अर्थ जखमी होऊन झाडीत शिरलेलं जनावर असा होतो.

थंडीचा हा हिसका अमेरिकन लष्करानेही खाल्ला. एम-१६ रायफलीला सुरुवातीला १४ इंची पीळ होता. उणे ६५ अंश फॅरनहाइटच्या कसोटीत ५५ ग्रेनची गोळी डगमगली, म्हणून १९६३ साली तो १२ इंचांवर आणला. वर्ष लक्षात ठेवा.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीने केलेला घोळ

रेमिंग्टनला चूक कळायला फार वेळ लागला नाही. १९५८च्या सुमारास कंपनीने .२४४च्या नळ्यांचा पीळ गुपचूप ९ इंचांवर आणला. विंचेस्टरच्याही पुढे! काठावरच्या त्या १०० ग्रेनच्या गोळीचा आकडा आता २.११ झाला. तांत्रिकदृष्ट्या प्रकरण तिथेच संपलं.

बाजारात संपलं नाही. नाव एकदा बद्दू झालं की मागाहून केलेली दुरुस्ती कुणी वाचत नाही. शेवटी १९६३ साली कंपनीने तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नव्या नावाने आणलं, १०० ग्रेनच्या गोळीसह. बारसं दुसऱ्यांदा झालं, पण तोवर .२४३ घराघरात पोचलं होतं. आजही .२४३ कुठल्याही दुकानात मिळतं. ६ मिमी रेमिंग्टन शोधावं लागतं, आणि ते वापरणारे त्याची तारीफ करताना थकत नाहीत.

मला या दुरुस्तीत एक गोष्ट खटकते. पीळ बदलला, ठसा बदलला नाही. १९५६ ची बारा इंची नळी आणि १९५९ ची नऊ इंची नळी, दोघींवर ‘.२४४ रेम.’ हाच शिक्का. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये एक त्रिज्या बदलली तरी रिव्हिजनचं अक्षर पुढे सरकतं. इथे पिच बदलला आणि अक्षर तेच राहिलं! त्यावर नवं नाव आलं, आणि त्या नव्या नावाचं १०० ग्रेनचं काडतूस जुन्या बारा इंची नळीत विनातक्रार बसतं. सुरुवातीला सांगितलेली लांबट फट तिथून येते.

आणि आता .२४३ ची पाळी

जिंकलेल्या बाजूचंही जरा बघू. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी हल्ली ६ मिमीच्या १०५ ग्रेनच्या लांबसडक गोळ्या निघतात, सव्वा इंचाला टेकलेल्या. १.२२ इंच लांबी धरली तर .२४३च्या १० इंची पिळात त्यांचा आकडा जेमतेम १.०. म्हणजे १९५५ साली विजयी ठरलेला पीळ आज बरोबर त्याच कठड्यावर उभा आहे, जिथे .२४४ होतं. रेमिंग्टनच्या ९ इंचांत तीच गोळी १.२४. पुरेसं तेही नाही, म्हणून ६ मिमी क्रीडमूरसारखी नवी काडतुसं ८ इंच किंवा त्याहून घट्ट पीळ घेऊनच येतात.

तांब्याने तर वजनाचा हिशेब पारच मोडला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी बंद आहे, कारण शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन गिधाडं, विशेषतः कॉन्डॉर, मरत होती. शिशाचं घनत्व ११.३४, तांब्याचं ८.९६. तेवढंच वजन हवं तर तांब्याची गोळी लांब करावी लागते. समजा ८५ ग्रेनची तांब्याची गोळी १.०३ इंच लांब आहे. बारा इंची नळीत तिचा आकडा येतो ०.९५. म्हणजे जी नळी ९० ग्रेनची शिशाची गोळी सरळ पाठवते, तीच नळी तिच्याहून हलकी ८५ ग्रेनची गोळी आडवी पाडते. काही कंपन्या आता खोक्यावर किमान पीळ छापायला लागल्या आहेत. सत्तर वर्षांपूर्वी छापला असता तर बऱ्याच जणांचे कागद वाचले असते.

हातात असलेल्या नळीचं काय करायचं

ठशावर विसंबायचं नाही, मोजायचं. रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा बघून घ्या. मुठीत मोकळा फिरणारा साफसफाईचा गज घ्या आणि टोकाला चिंधी घट्ट गुंडाळा, इतकी की ढकलताना दम लागला पाहिजे. सैल चिंधी आट्यांवरून घसरते आणि खोटं माप देते. गज थोडा आत गेला की नळीच्या तोंडापाशी त्याला कागदी टेपची झेंडी लावा आणि ती वर आकाशाकडे राहील अशी धरा. आता गज हळूहळू ढकला. झेंडी बाजूला कलते, खाली जाते, पलीकडून वर यायला लागते. पुन्हा आकाशाकडे आली की थांबा आणि गज किती सरकला ते मोजा. हे तीनदा करा. साडेअकरा, बारा, बारा आले तर बारा समजा. ज्याला कधी आट्याचा पिच मोजायची सवय होती, त्याला हे करताना बोटांत लगेच ओळखीचं काहीतरी लागतं.

नऊ आले तर प्रश्नच नाही, दुकानातलं १०० ग्रेनचं खोकं खुशाल घ्या. बारा आले तर ७५ ते ९० ग्रेनच्या सपाट बुडाच्या, शिशाच्या गोळ्या घ्या. १०० ग्रेनचाच हट्ट असेल तर गोल नाकाची घ्या, आणि जिथे शिकारीला जायचं तिथल्या थंडीत आधी कागदावर चालवून बघा. उन्हाळ्यातला कागद इथे पुरावा धरायचा नाही. तांब्याची गोळी विकत घेण्याआधी तिची लांबी कॅलिपरने मोजा.

आणि एक काम करा. रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावा आणि त्यावर मार्करने लिहून ठेवा: ‘पीळ १२. गोळी ०.९२ इंचापर्यंत.’ ग्रेन लिहू नका. तुमच्यानंतर ही रायफल ज्याच्या हातात जाईल, तो वजन खोक्यावर वाचेलच.